हुशार मुलाचा कंटाळा

‘डोकं आहे, पण लक्ष नाही’ हा शेरा मुलाच्या स्वभावावर मारला जातो; तो आधी अभ्यासक्रमाला लावून पाहावा. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये प्रज्ञेची व्याख्या मांडताना क्षमता आणि सर्जनशीलता यांच्या जोडीला कामाला चिकटून राहण्याची वृत्तीही धरली. ही चिकाटी कामागणिक कमीजास्त होते. कोडं सोडवताना जेवण विसरणारं मूल पाढ्यांची वही उघडताच जांभई देतं, म्हणून त्याला आळशी ठरवणं घाईचं. रेन्झुलींचा उपाय साधा आहे: धडा शिकवण्याआधीच त्यावर चाचणी घ्यावी, येतं ते वगळावं आणि वाचलेल्या वेळात खरोखर अवघड काम द्यावं. लवकर गणितं सोडवणाऱ्याला तसलीच आणखी वीस देणं ही तर हुशारीची शिक्षाच.

यावर कुणी म्हणेल, सराव बुडेल. पण सराव चुकतं तिथे हवा, सरसकट नको. नावडते विषय मागे पडण्याची भीती मात्र खरी आहे: गणितात बुडालेल्या रामानुजन यांनी इतर विषयांकडे पाठ फिरवली आणि कुंभकोणमच्या कॉलेजातली शिष्यवृत्ती गमावली. अशा विषयांत उत्तीर्ण होण्यापुरता आग्रह धरावा, पण बक्षिसाचं आमिष जपून दाखवावं. १९७३ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात, चित्रं काढल्यास बक्षीस मिळेल असं आधीच सांगितलेली बालवाडीतली मुलं पुढे आपणहून चित्रं काढण्यात कमी वेळ घालवू लागली. शिवाय कंटाळलेलं प्रत्येक मूल प्रज्ञावंत नसतं. नजर, श्रवण आणि वाचनातली अडचण आधी तपासावी. प्रज्ञा आणि अडचण एकाच मुलात असू शकतात, आणि तेव्हा दोन्ही झाकल्या जातात.