गर्भवतीचा आहार व लोह : दिवेआगरच्या वाड्यांतून

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे गाव नारळ-सुपारीच्या बागायतीसाठी प्रसिद्ध आहे. समुद्रकाठची पुळण, तिच्या आत वाड्या व वस्ती, त्यामागे भातखाचरे आणि वरकस जमिनीचे डोंगरउतार अशी या भागाची ठेवण आहे. सुपारी बाजारात जाते, नारळ काही बाजारात व काही स्वयंपाकघरात जातो आणि भात घरच्या कणगीत पडतो. शेतकरी कुटुंबास ही व्यवस्था समाधानकारक वाटते. परंतु घरातील स्त्री गर्भवती असेल तेव्हा तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहावे लागते. कारण या तीन मुख्य पिकांपैकी एकही पीक गर्भवतीच्या रक्तास पुरेल इतके लोह देत नाही.

गर्भारपणाच्या संपूर्ण काळात स्त्रीच्या शरीरास सुमारे १ ग्रॅम लोह लागते. त्यातील सुमारे ३०० मिलिग्रॅम गर्भ व वार यांच्याकडे जाते, सुमारे ५०० मिलिग्रॅम मातेचे वाढते रक्त तयार होण्यात खर्च होते आणि बाकीचे नित्याच्या झिजेत जाते. एका ग्रॅमचे वजन ते किती, असे कोणासही वाटेल. पण अडचण वजनाची नसून शोषणाची आहे. अन्नातील लोहाचा फार थोडा अंश आतड्यातून रक्तात उतरतो. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली गर्भवतीसाठी रोज २७ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली. पॉलिश केलेल्या ३०० ग्रॅम तांदळात ते जेमतेम २ मिलिग्रॅम असते. तेव्हा दोन्ही वेळ पोटभर भात जेवणारी स्त्री उपाशी नसते. तरी तिचे रक्त उपाशी राहू शकते.

रक्तातील हिमोग्लोबिन १०० मिलिलिटरमागे ११ ग्रॅमपेक्षा कमी झाल्यास गर्भवतीस रक्तक्षय झाला असे मानतात. ७ ग्रॅमच्या खाली गेल्यास तो तीव्र समजला जातो. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील गर्भवतींपैकी ४५.७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. प्रसूतीच्या वेळी थोडाफार रक्तस्राव प्रत्येकीस होतो. निरोगी स्त्री तो सहन करते. जिचे रक्त आधीच पातळ आहे तिच्या जिवावर तोच स्राव बेतू शकतो. किनाऱ्यावरील गावातून पावसाळ्याच्या रात्री मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ हिशेबात घेतला, म्हणजे ही तयारी नवव्या महिन्यात करून भागत नाही हे ध्यानात येईल. अशा मातेचे मूल कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याचा धोकाही वाढतो.

या विषयातील एक महत्त्वाचे संशोधन मुंबईतच झाले आहे. १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी कापड गिरण्यांतील कामकरी स्त्रियांना गर्भारपणी होणाऱ्या एका विशिष्ट रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे फॉलिक आम्ल या नावाने ओळखले गेलेले जीवनसत्त्व होय. ते हिरव्या पानांतही असते. आज सरकारी आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या लाल गोळीत लोहाच्या जोडीला तेच असते; शाकाहारी घरांत ब-१२ या जीवनसत्त्वाची उणीवही रक्तक्षयास कारण होते, म्हणून तेथे दूध व ताक यांस स्थान हवे.

आता स्थानिक अन्नाकडे वळू. भाताखालोखाल या जिल्ह्याचे खरे धन म्हणजे वाल. भात कापल्यावर खाचरातील उरलेल्या ओलीवर तो पोसतो. त्यास वेगळे पाणी द्यावे लागत नाही. वालाचे बिरडे करण्याची घरोघरची रीत पाहिली तर पाककृतीत किती शास्त्र दडले आहे ते कळते. कडधान्यातील लोह फायटिक आम्लाशी बांधलेले असते व म्हणून सहज शोषले जात नाही. वाल भिजत घालून मोड आणले म्हणजे हे आम्ल काही प्रमाणात घटते. साल सोलून टाकल्याने त्यातील तुरट द्रव्ये जातात. वरून आमसुलाचा आंबटपणा येतो, तोही लोहाच्या शोषणास साहाय्यभूत होतो. एवढी मेहनत केवळ चवीसाठी आहे असे समजून ती टाळू नये. हाच नियम कुळथास लागू आहे. कुळीथ लोहाने वालाहून कमी नाही. परंतु नुसत्या पिठाच्या पिठल्यापेक्षा मोडांची उसळ अधिक हितकर. वरकस जमिनीतील नाचणीत १०० ग्रॅममागे ४ ते ५ मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे पांढऱ्या तांदळाच्या कितीतरी पट. एक वेळची भाकरी नाचणीची झाली तरी ताटाचा कल बदलतो. नाचणीस मोड आणून दळल्यास अधिक चांगले.

मासे खाणाऱ्या घरांना एक मोठी सोय आहे. मासे व मांस यांतील लोहाचा काही भाग रक्तद्रव्याच्या रूपात असतो व तो वनस्पतीतील लोहापेक्षा पुष्कळ अधिक शोषला जातो. शिवाय त्याच जेवणातील डाळभाजीचे लोह शोषण्यासही त्याची मदत होते. तिसऱ्या व कालवे यांत लोह विशेष असते. मात्र ती ताजी व पुरती शिजवलेली असावीत. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत सुकट व जवळा कामास येतात. ते धुऊन मीठ कमी करून घ्यावेत, विशेषतः पायांस सूज किंवा रक्तदाब असेल तर.

पालेभाज्यांसाठी बाजार गाठण्याची जरुरी नाही. पहिल्या पावसात टाकळा उगवतो, माठ परसात होतो, शेवग्याची एक फांदी कुंपणात रोवली की वर्षानुवर्षे पाला मिळतो. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात या किनाऱ्यावरील असंख्य नारळी-पोफळी उन्मळून पडल्या. नवी लागवड धरेपर्यंत मोकळ्या राहिलेल्या उन्हाच्या जागी शेवगा, लिंबू, पेरू व चवळी लावणे बागायतदारास महाग पडत नाही. लिंबू व पेरू येथे मुद्दाम सांगितले आहेत. क जीवनसत्त्व जेवणाबरोबर पोटात गेले तर वनस्पतीतील लोहाचे शोषण वाढते. लिंबू मात्र ताटात पिळावे. उकळत्या कालवणात नव्हे, कारण उष्णतेने ते जीवनसत्त्व नष्ट होते. बिडाच्या तव्यावर किंवा लोखंडी कढईत आंबट पदार्थ शिजवल्यास भांड्यातील थोडे लोहही अन्नात उतरते.

डाळिंब व बीट ही रक्तासारख्या रंगाची म्हणून रक्त वाढवतात हा समज पक्का झाला आहे. रंगाचा लोहाशी संबंध नाही. गुळात लोह असते, पण चहात पडणाऱ्या चमचाभर गुळातून अर्धा मिलिग्रॅमही धड मिळत नाही, आणि चहातील टॅनिन जेवणातील लोह अडवते. चहा जेवणापासून तासभर तरी दूर ठेवावा.

सुपारीविषयी लिहिणे या गावात अप्रिय, पण आवश्यक आहे. श्रीवर्धनची रोठा सुपारी हे येथील घरांचे रोख उत्पन्न. ती सोलण्याचे काम बहुधा स्त्रियाच करतात व हात कामात असताना एखादे खांड तोंडात जाते. सुपारी टॅनिनयुक्त असून गर्भारपणी तिच्या सेवनाचा संबंध कमी वजनाच्या मुलांशी आढळला आहे. तंबाखूची मिश्री त्याहून घातक. पीक विकावे; गर्भवतीने ते खाऊ नये.

ओलसर, सावलीची, रेताड जमीन अंकुशकृमीच्या अळ्यांना मानवते, आणि शिंपण्याच्या वाडीत हे तीनही गुण असतात. अळी अनवाणी पायाच्या त्वचेतून शिरते. एक कृमी रोज ०.०३ मिलिलिटर रक्त शोषतो, आणि असे शेकडो असू शकतात. वाडीत पादत्राण व घरोघरी वापरात असलेला संडास हेही म्हणून आहाराइतकेच महत्त्वाचे. चौथ्या महिन्यानंतर आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने जंताची गोळी घ्यावी. माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खाण्याची ओढ डोहाळे म्हणून कौतुकाने पुरवली जाते. ती पुष्कळदा लोहाच्या उणिवेची खूण असते आणि रक्त तपासण्याचे कारण असते.

एवढे करूनही अन्नावर सर्व भार टाकता येत नाही. चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस रोज एक लाल गोळी, तीत ६० मिलिग्रॅम लोह, घ्यावी असा २०१८ च्या ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमाचा नेम आहे. रक्तक्षय असल्यास डॉक्टर दोन देतात, आणि तो तीव्र असल्यास रुग्णालयात शिरेतून लोह किंवा रक्त द्यावे लागते. गोळीने मळमळल्यास ती रात्री जेवणानंतर घ्यावी. शौचास काळे होणे हा निरुपद्रवी परिणाम आहे. कॅल्शियमची गोळी व ही गोळी यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. गोळीने मूल फार मोठे होऊन बाळंतपण अडते, ही भीती निराधार होय. दोन महिने गोळी घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर सिकल सेल वा थॅलॅसेमियाची तपासणी करवून घ्यावी. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते.

सर्वांचे जेवण झाल्यावर स्त्रीने बसण्याची रीत अनेक घरांत आहे. त्यात भात उरतो. बिरडे व मासा उरत नाही. सासूबाईंनी सुनेचे ताट आधी वाढून ठेवले, तर वर सांगितलेले अन्न तिच्या पोटात जाईल. बाळंतपणानंतरही लाल गोळी आणखी १८० दिवस चालू ठेवावयाची असते. त्या दिवसांत अळीवाचे लाडू करतात ते योग्यच आहे : अळीवात लोह भरपूर असते आणि त्यात पडणारा नारळ वाडीतला असतो.