चैतात नवरंग नसतो

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक कविता लिहिली होती. तिच्यात बारवीचं जंगल होतं, चैत्राचं ऊन होतं आणि सागाच्या आडून शीळ घालणारा नवरंग होता. बदलापूरपलीकडच्या एका ठाकूरवाडीतल्या तरुणाला ती मोठ्या हौसेने वाचून दाखवली. त्याने शांतपणे ऐकली आणि म्हणाला, ''चाचा, चैतात हा पक्षी इथं नसतो. पाऊस जवळ आला की येतो.''

कविता मी पुढे छापली नाही. पण तो नसतो तर का नसतो, हा प्रश्न मात्र डोक्यात राहिला.

नवरंग हा चिमणीपेक्षा थोडा मोठा, आखूड शेपटीचा पक्षी. पाठ हिरवी, खांद्यावर निळा तुकडा, पोटाखाली शेंदरी. हिवाळा तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो. तमिळमध्ये त्याला 'आरुमणी कुरुवी' म्हणतात, म्हणजे सहा वाजताचा पक्षी, कारण पहाटे आणि सांजेला त्याच सुमारास तो बोलतो. मेच्या अखेरीस, जूनमध्ये तो आपल्याकडे घरटं करायला येतो. त्याचं खाणं जमिनीवर, पाचोळा उलथून काढलेले किडे आणि गांडुळं. चैत्रातला पाचोळा पापडासारखा वाजतो, त्याखाली गांडूळ कुठून मिळणार? दोन सरी पडल्या की तोच पाचोळा कुजू लागतो, जिवंत होतो. वीण या सुगीला गाठून होते.

पक्षी कुठे राहणार हे पाऊस किती पडतो यावर ठरतं, असं आपण सहज म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. तिरुवनंतपुरमला वर्षाला साधारण 1800 मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईला 2200 हून जास्त. तरीही त्या बाजूच्या डोंगरांत सदाहरित रानं आहेत आणि आपल्या बारवीला पानगळीचं रान. कारण आपला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि पुढचे सात-आठ महिने आभाळ कोरडं. तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस भरपूर येतो, उन्हाळ्यातही सरी येतात. झाडाला चार महिन्यांची चंगळ आणि आठ महिन्यांचा उपास झेपावा म्हणून साग आणि ऐन पानं गाळून बसतात. डोक्यावरची सावली गेली की सावलीत राहणारे पक्षीही जातात.

सगळे जात नाहीत, आणि बारवीची खरी गंमत इथेच आहे. उन्हाळ्यात डोंगरावरून खाली पाहिलं तर करड्या रानात हिरव्या शिरा दिसतात. त्या ओढ्यांच्या. काठाला जांभूळ, करंज, उंबर, मध्येच बांबूची बेटं. पाणी आटलं तरी खाली ओल असते. स्वर्गीय नर्तकाची पांढरी फीत दिसली तर याच सावलीत दिसते. शीळकरी कस्तुराची पावसाळी शीळ, एखादं पोरगं रिकामटेकडेपणी शिट्टी वाजवत चाललंय अशी, ओढ्याच्या आणि धबधब्याच्या बाजूनेच येते. दक्षिणेत रानभर पसरलेली ओल इथे हात-दोन हात रुंदीच्या पट्ट्यात उरते.

घाट ओलांडला की तीही नाही. पुण्यात पाऊस 700 ते 750 मिलिमीटर. त्याच्या पूर्वेला माळ, चंडोल आणि तित्तिर.

झाडंही सीमा आखतात. आपला राखी रानकोंबडा सागाच्या मुलखातला, तांबडा रानकोंबडा सालाच्या. मध्य प्रदेशात पचमढीला सालाचं रान आहे आणि तिथे तांबडाही आहे. कोंबडा काही झाडाचं नाव विचारून राहत नाही. ज्या हवापाण्याला साल मानवतो तेच त्यालाही मानवत असावं. डोंगरांच्या रांगा तर पक्ष्यांचे रस्तेच. पूर्व हिमालयातले प्राणी सह्याद्रीत कसे आले, याचं उत्तर देताना सुंदरलाल होरा यांनी 1949 मध्ये सातपुड्याकडे बोट दाखवलं. सलीम अलींनीही पक्ष्यांच्या अंगाने तो विचार मांडला. त्याच सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, नामशेष मानलेला रानपिंगळा 1997 मध्ये पुन्हा दिसला. पुढे 2014 मध्ये तो आपल्या तानसा अभयारण्यातही सापडला. उत्तरेकडचा कोरड्या सागवनातला रहिवासी आणि दक्षिणेकडची ओल शोधणारे पक्षी, दोघांचे मुलूख आपल्या या भागात एकमेकांना भिडतात.

भूगोलाची चूक एकट्या माझीच नव्हे, हा माझा दिलासा. उर्दू गझलेत शतकानुशतकं गाणारा बुलबुल हा मुळात इराणच्या बागेतला वेगळाच पक्षी. आपल्या कुंपणावर बसतो त्या बुलबुलाशी त्याचं नातं फक्त नावाचं. शायरांना कुणी ठाकूर भेटला नसावा.

आता धरणाविषयी. बारवीचं पाणी औद्योगिक महामंडळाचं, पण ते कारखान्यांइतकंच शहरांनाही लागतं. माझ्या घरच्या नळाला तेच येतं, तेव्हा धरण नको म्हणण्याचा मला अधिकार नाही. मात्र धरणाचं पाणी आधी कुठे चढतं ते पाहावं. डोंगरमाथ्यावरचा उघडा साग राहतो, बुडतो तो दरीतला ओढा आणि त्याच्या काठची सावली. भिंतीची उंची वाढून पूर्ण पातळी 72.60 मीटर झाली, तेव्हा माणसांची घरं बुडाली. त्यांच्या पुनर्वसनावर निदान भांडता आलं. ओढ्याकाठच्या जांभळांची नोंद कोण ठेवणार? वर उरलेल्या उतारावर उन्हाळ्यात वणवे लागतात. पाचोळा जळाला की जूनमध्ये येणाऱ्या नवरंगाला उलथायला राखच उरते.

गेल्या जूनमध्ये मी पहाटेच गेलो होतो. पाऊस रात्री पडून गेला होता. सहा वाजायच्या सुमारास ती दोन सुरांची शीळ आली. पाण्याच्या बाजूने नाही, वर रस्त्याकडेच्या बांबूतून. त्या तरुणाचा मुलगा बरोबर होता. तो म्हणाला, आजोबा सांगतात, पूर्वी हा खाली ओढ्यात बोलायचा. ओढ्याची जागा त्याने मला हाताने दाखवली. तिथे पाणी होतं, आणि एक पाणकावळा पंख वाळवत बसला होता.