ठिपक्यांतली भूमिती

मैत्रिणींनो, सात ते चार ठिपक्यांची रांगोळी आपण किती वेळा काढली असेल! मधल्या ओळीत सात ठिपके, मग वर-खाली सहा, पाच, चार. प्रत्येक ओळ आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. एकूण ३७ ठिपके होतात. कडेचे ठिपके जोडले की सहा सारख्या बाजूंचा षट्कोन तयार! आतले जवळजवळचे ठिपके जोडत गेलात तर ५४ लहान त्रिकोण, प्रत्येकाचा कोन ६० अंशांचा. मात्र ठिपक्यांत दोन इंच अंतर असेल, तर ओळींत पावणेदोनच हवं, बरं का. उदबत्तीने भोकं पाडून ठिपक्यांचा कागद करणाऱ्या बायकांच्या हाताला हे आपसूक कळतं.

इथे जालन्याला मी अर्धवेळ शिकवते. जिची रांगोळी पाहायला अख्खी गल्ली थांबते, तीच मुलगी भूमितीच्या तासाला मान खाली घालून बसते. घरात तिने ऐकलेलं असतं, "भूमिती काही आपल्याला जमायची नाही गं बाई!" हे बोलतो कोण? आपणच, आया-मावश्या. आणि पोर ते खरं धरून बसते. ब्लाऊजचं कापड दुहेरी घालून एकदाच कातरणाऱ्या बाईने असं म्हणावं, याचं मला नवल वाटतं.

त्यापेक्षा एक करा. कागदाचा कसलाही त्रिकोण कापून द्या. तिन्ही कोपरे फाडून टोकाला टोक लावून शेजारी ठेवायला सांगा. सरळ रेघ होते. तेच पुस्तकातले १८० अंश.

असंच दगडातलं काम पाहायचं तर साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचं औरंगाबाद) बीबी का मकबरा आहे. सतराव्या शतकातला. तिथे थडग्याभोवती संगमरवराची आठ बाजूंची जाळी आहे. लोक घुमट बघून बाहेर पडतात. तुम्ही लेकीला जाळीच्या बाजू मोजायला लावा.

घरी आल्यावर चौकोनी कागद घ्या. अर्धा दुमडा, पुन्हा अर्धा, मग मध्याचं टोक धरून तिरपा. त्या टोकापासून दोन्ही कडांवर सारखं अंतर मोजून सरळ कातरा. उघडलात की अष्टकोन! जुनं वर्तमानपत्र पुरे. रंगीत कागद आकाशकंदिलासाठी राहू द्या.