पालकाचे मत आणि शाळेचा कारभार : उटनूरच्या समितीत निवडून येण्याचा अर्थ

उटनूर : ग्रामपंचायतीची निवडणूक आली की उटनूर परिसरातील लहानशा गुड्यावरही महिनाभर आधीपासून चर्चा रंगते. त्याच गुड्यावरील शाळेत पालकांनी पालकांमधून प्रतिनिधी निवडण्याची एक निवडणूक होते. तिची मात्र अनेकांना वार्ताही नसते. सूचनाफलकावर कागद लागतो, मुलांच्या हाती निरोप जातो, तासाभरात सभा आटोपते आणि शाळा व्यवस्थापन समिती अस्तित्वात येते. या समितीत पालकांचे बहुमत असावे, हे संसदेने केलेल्या कायद्याने ठरवून दिले आहे. शाळेच्या कारभारात पालकांना इतका मोठा वाटा देणारी दुसरी तरतूद आपल्या शिक्षणव्यवस्थेत नाही. ही निवडणूक कशी होते, निवडून आलेल्या पालकाच्या हाती काय येते आणि कोणत्या गोष्टी त्याच्या अधिकाराबाहेर राहतात, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

कायद्याचा आधार

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती स्थापन करणे बंधनकारक आहे. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही. समितीतील किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत. एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात आणि वंचित गटांतील व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळाले पाहिजे, अशीही अट आहे.

तपशिलाचे नियम प्रत्येक राज्याने करावयाचे होते. संयुक्त आंध्र प्रदेशाच्या काळात तयार झालेले २०१० चे नियम तेलंगणाने पुढे चालू ठेवले. त्यांनुसार प्रत्येक वर्गातील मुलांच्या पालकांनी आपल्यातून तीन प्रतिनिधी निवडावयाचे असतात. या तिघांत किमान दोन स्त्रिया असाव्यात, एक प्रतिनिधी वंचित गटातील आणि एक दुर्बल घटकातील मुलाचा पालक असावा. पहिली ते पाचवीच्या शाळेत याप्रमाणे पंधरा पालक निवडून येतात. वाड्यावस्त्यांवरील शाळांत एखाद्या वर्गात सहा मुलेही नसतात. अशा वेळी तो वर्ग पुढच्या वर्गाला जोडून निवड केली जाते.

मुख्याध्यापक हे समितीचे सदस्य-निमंत्रक असतात. एक शिक्षक, प्रभागाचा लोकप्रतिनिधी, अंगणवाडी सेविका, आरोग्य सेविका आणि महिला बचत गटांच्या संघटनेची अध्यक्षा हे पदसिद्ध सदस्य होत. शिक्षणाविषयी आस्था असलेल्या दोन व्यक्तींना स्वीकृत सदस्य म्हणून घेता येते. अध्यक्ष व उपाध्यक्ष मात्र निवडून आलेल्या पालकांमधूनच निवडले जातात आणि या दोघांपैकी किमान एक स्त्री असावी लागते. सरपंचाला समितीच्या सभेस उपस्थित राहता येते. परंतु समितीचे अध्यक्षपद त्याच्याकडे जात नाही. हे पद पालकासाठीच राखलेले आहे.

हात वर करून होणारी निवड

ही निवडणूक मतपेटी आणि चिन्हे यांच्याशिवाय होते. एकमत झाल्यास तोंडी, नाहीतर हात वर करून मत नोंदवले जाते. वादाचा प्रसंग आल्यासच गुप्त मतदान घेण्यात येते. समितीचा कालावधी दोन वर्षांचा असतो. निवडीच्या सभेला निम्मे पालक उपस्थित असणे अपेक्षित आहे.

एकमताची पद्धत या प्रदेशाला परकी नाही. गोंड समाजाची राय सेंटरे आजही तंटे आणि सामाजिक प्रश्न सर्वांच्या संमतीने सोडवतात. तथापि, संमती आणि मौन यांत फरक आहे. मुख्याध्यापकांनी नावे वाचून दाखवावीत, उपस्थितांनी मान डोलवावी आणि न आलेल्यांच्या नावापुढे नंतर सही वा अंगठा घ्यावा, असे घडले तर ती निवडणूक राहत नाही, केवळ नेमणूक ठरते. मुख्याध्यापकाने निवडलेली समिती मुख्याध्यापकाच्या कारभारावर देखरेख कशी ठेवणार, हा प्रश्न मग अनुत्तरितच राहतो.

निवडून आल्यावर हाती काय येते

समितीची तीन कामे कायद्यातच नमूद आहेत : शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शालेय विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे. शिक्षक वेळेवर व नियमित येतात का, मध्यान्ह भोजन नीट शिजते का, शाळाबाह्य आणि दिव्यांग मुले वर्गात आली का, हे पाहणे देखरेखीत येते.

पैशाचा हिशेब समजला की या पदाचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटसंख्येनुसार वार्षिक एकत्रित अनुदान मिळते. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार आणि अडीचशेपर्यंत ५० हजार रुपये असे त्याचे टप्पे आहेत. ही रक्कम मोठी नाही. खडू, वीजबिल, हातपंपाची दुरुस्ती आणि स्वच्छता यांतच ती संपते. परंतु ती कशावर खर्च झाली, हे विचारण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे, त्यांत या समितीचा क्रम पहिला लागतो. २०२२ मध्ये राज्यात सुरू झालेल्या ‘मन ऊरु–मन बडी’ या कार्यक्रमात २६ हजारांहून अधिक शाळांसाठी ७,२८९ कोटी रुपयांचा आराखडा जाहीर झाला. त्यातील कामेही शाळा व्यवस्थापन समित्यांमार्फत करून घेण्याचे धोरण होते. तेव्हा अध्यक्षाच्या सहीचा संबंध थेट छत, शौचालये आणि वर्गखोल्या यांच्याशी आला.

विकास आराखडा हे समितीचे सर्वांत दुर्लक्षित साधन आहे. तीन वर्षांत पट किती वाढेल, किती शिक्षक कमी आहेत, कोणत्या खोल्या हव्यात, याची लेखी मागणी त्यात करावयाची असते. आराखडा रिकामा राहिला तर गरज नव्हतीच, असे कागदोपत्री दिसते. आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या सरकारी शाळांच्या दृष्टीने हा मुद्दा कळीचा आहे. मराठी शिक्षकाची जागा रिक्त असेल, तर तिची नोंद आराखड्यात व्हावी आणि ती पालकांच्या सहीने पुढे जावी. शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे, असे याच कायद्याचे कलम २९ सांगते. हे कलम पालकांच्या मागणीचा आधार होऊ शकते.

समितीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. शिक्षकाची नेमणूक, बदली वा बडतर्फी तिच्या हाती नाही. अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकपदे पूर्णपणे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखणारा शासन आदेश २००० मध्ये निघाला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो २२ एप्रिल २०२० रोजी रद्द केला. कोण शिकवणार, हा निर्णय गावाबाहेर होतो. शिकवणारा येतो की नाही, हे मात्र गावाला पाहता येते.

अल्पसंख्याक शाळांत वेगळे चित्र

पालकांचा हा वाटा किती मोठा आहे, हे अल्पसंख्याक समाजांच्या शाळांशी तुलना केल्यावर कळते. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल यहुदी समाजाने १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली शाळा उभारली. हाईम सॅम्युअल केहिमकर हे तिच्या संस्थापकांपैकी प्रमुख. माझगाव येथील सर एली कदूरी शाळा ती हीच. महाराष्ट्राने २०१६ मध्ये यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालवण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० ने दिला आहे. त्यामुळे अशा शाळांत अंतिम शब्द संस्थापक समाजाच्या विश्वस्तांचा असतो. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने अल्पसंख्याक आणि इतर अनुदानित शाळांतील समित्यांची भूमिका केवळ सल्लागाराची केली. पुढे ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रमती प्रकरणात अल्पसंख्याक शाळांना हा कायदाच लागू नसल्याचा निर्णय दिला. त्या निर्णयाचा फेरविचार व्हावा, असे मत न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने सप्टेंबर २०२५ मध्ये व्यक्त केले.

इंग्लंडमध्ये सरकारी अनुदानावर चालणाऱ्या अनेक यहुदी शाळांत पालक रीतसर निवडणूक लढवून नियामक मंडळावर जातात. त्या मंडळांवर किमान दोन निर्वाचित पालक असणे आवश्यक असते. पण संस्थेने नेमलेल्या सदस्यांची संख्या इतर सर्वांच्या बेरजेहून दोनने अधिक ठेवण्याचा नियम आहे. म्हणजे तेथील पालक निवडून आला तरी अल्पमतातच राहतो. उटनूरच्या सरकारी शाळेतील पालक मात्र कायद्यानेच बहुमतात आहे. लंडनच्या पालकाला न मिळणारे हे बहुमत आदिलाबादच्या शेतमजुराला मिळालेले आहे आणि बहुधा ते वापराविना पडून राहते.

उटनूरच्या अडचणी

याची कारणे पालकांच्या उदासीनतेत शोधणे अन्यायाचे होईल. उटनूर हे एकात्मिक आदिवासी विकास संस्थेचे मुख्यालय. येथील अनेक मुले आश्रमशाळांत राहून शिकतात. एका वर्गातील मुलांची गावे वेगवेगळ्या दिशांना विखुरलेली असतात. सभेसाठी यायचे तर दिवसाची मजुरी बुडते, शिवाय वाहनाचे भाडे पदरचे. सभा कापूस वेचणीच्या हंगामात ठेवली तर उपस्थितीची अपेक्षाच व्यर्थ ठरते.

दुसरी अडचण भाषेची. या भागात गोंडी, कोलामी, लंबाडी आणि मराठी घरोघरी बोलल्या जातात. सूचना आणि इतिवृत्त मात्र तेलुगूत असते. जो कागद वाचता येत नाही, त्यावर सही करणारा सदस्य नावापुरताच उरतो. या प्रश्नाचे भान पूर्वी कोणाला नव्हते असे नाही. निजामाच्या काळात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मार्लवाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. तेथे गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार करण्यात आली. मार्लवाई आता कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. शाळा समाजाला आपली वाटावयाची तर ती त्याच्या भाषेत बोलली पाहिजे, हा त्या प्रयोगाचा धडा समितीच्या सभेलाही तितकाच लागू पडतो.

तिसरी अडचण धोरणातून आलेली आहे. २०२४ मध्ये राज्य शासनाने सरकारी शाळांत ‘अम्मा आदर्श पाठशाला’ समित्या स्थापन करून दुरुस्ती, पिण्याचे पाणी, शौचालये यांसारखी कामे त्यांच्याकडे सोपवली. महिला बचत गटांच्या ग्रामसंघाची अध्यक्षा या समितीची अध्यक्ष असते. मातांना शाळेच्या कारभारात आणणारे हे पाऊल स्वागतार्हच आहे. मात्र ही अध्यक्षा पदाने येते. शाळेतील पालकांच्या मतावर ती निवडून येत नाही. कामे आणि निधी एका समितीकडे अन् देखरेखीची जबाबदारी दुसरीकडे, अशी विभागणी झाली की जाब कोणाला विचारायचा, याबाबत पालकांचा गोंधळ उडतो. शिक्षण हक्क कायदा केंद्राचा असल्याने कलम २१ ची समिती राज्याच्या आदेशाने संपुष्टात येत नाही, हे त्यांनी ध्यानात ठेवावे.

उभे राहू इच्छिणाऱ्यांसाठी

या निवडणुकीसाठी शिक्षणाची किंवा अनामत रकमेची अट नाही. मूल त्या शाळेत, त्या वर्गात शिकत असणे पुरेसे आहे. निरक्षर आईही अध्यक्ष होऊ शकते. सभेची तारीख आणि वर्गनिहाय पालकांची यादी आधी पाहून घ्यावी. इतिवृत्त सही करण्यापूर्वी आपल्या भाषेत वाचून दाखवण्याची मागणी करावी. पहिल्याच बैठकीत अनुदानाचा जमाखर्च आणि विकास आराखड्याची प्रत मागावी. समितीकडून दाद न मिळाल्यास कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. उटनूर अनुसूचित क्षेत्रात असल्याने आणखी एक मार्ग खुला आहे : सामाजिक क्षेत्रातील संस्था व कर्मचाऱ्यांवर ग्रामसभेचे आणि पंचायतीचे नियंत्रण असावे, हे तत्त्व १९९६ च्या पेसा कायद्याने मान्य केले आहे. शाळेचा प्रश्न ग्रामसभेत मांडणे त्यामुळे पूर्णपणे सयुक्तिक ठरते.

शासनानेही काही साध्या गोष्टी कराव्यात. निवडीच्या सभा वेचणीचा हंगाम टाळून ठेवाव्यात, आश्रमशाळांच्या पालकांना प्रवासखर्च द्यावा आणि सूचना गोंडी, कोलामी व मराठीतही काढाव्यात. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. गुड्यावरील शाळेत शिक्षक आठवड्यातून दोनच दिवस येत असेल, तर त्याची सर्वाधिक झळ ज्यांच्या मुलांना बसते, त्यांनाच कायद्याने प्रश्न विचारण्याचे पद दिले आहे. पुढच्या वेळी सूचनाफलकावर कागद लागेल तेव्हा त्या पदासाठी एका वर्गातून तीनाऐवजी चार नावे पुढे आली, तरी तेथे खऱ्या अर्थाने निवडणूक होईल.