मालाच्या खोक्यावरील छपाई : येणारा काळ आणि शेतकऱ्याचें नांव

शेतकऱ्याचा माल बाजारांत उघडा जात नाहीं. द्राक्ष असो, आंबा असो, डाळिंब असो वा बियाणें असो, तें कोणत्या तरी खोक्यांत, पोत्यांत अथवा पिशवींत घालूनच जातें. आणि गिऱ्हाइकाच्या दृष्टीस फळाच्या आधीं त्या खोक्यावरील अक्षर पडतें. तथापि खताची मात्रा, पाण्याची पाळी व फवारणीची वेळ यांची आपण जितकी चिकित्सा करतों, तितकी या अक्षराची करीत नाहीं. तें कोणीं, कसें व कोणाच्या नांवानें छापलें, हा विषय छापखानेवाल्याचा आणि दलालाचा, अशी आपली समजूत असते. ही समजूत यापुढें महाग पडेल असें आम्हांस वाटतें. कारण वेष्टनावरील छपाईची कला सांप्रत मोठ्या स्थित्यंतरांतून जात आहे. तें स्थित्यंतर कोणतें व त्यांत शेतकऱ्याचें हित कोठें आहे, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहूं. घडीच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा जन्म बियाण्याच्या पिशवीपासून झाला, हें आमच्या वाचकांस गमतीचें वाटेल. अमेरिकेंत ब्रुकलिन येथें रॉबर्ट गेअर नांवाचे मूळचे स्कॉटलंडचे एक गृहस्थ कागदी पिशव्या तयार करीत असत. १८७९ च्या सुमारास बियाण्याच्या पिशव्या छापीत असतां, घडी पाडणारी लोखंडी पट्टी जागची हलून तिनें पिशव्या कापल्या, असें सांगतात. या नुकसानीवरून गेअर यांस असें सुचलें कीं, एकाच दाबांत कापणें व घडी पाडणें हीं दोन्ही कामें होऊं शकतील. त्यांतून घडी घालून पाठवितां येणारें खोकें निघालें.

खोक्यांवर व पिशव्यांवर छापण्याची आज अत्यंत रूढ असलेली रीत म्हणजे फ्लेक्सोग्राफी. हिच्यांत लवचिक ठसा रुळावर बसवून त्यानें शाई उमटवितात. १८९० मध्यें इंग्लंडांत लिव्हरपूलच्या बिबी, बॅरन आणि मंडळीनें असें यंत्र उभारलें. परंतु त्याची शाई पाण्यांत विरघळे व अक्षर फिसकटे, म्हणून लोकांनीं त्यास ‘बिबीचें खूळ’ असें नांव ठेविलें. पुढें शाया सुधारल्या, रबराच्या जागीं प्रकाशानें घडविलेले फोटोपॉलिमरचे ठसे आले, आणि तेंच खूळ जगभर रुळलें. चकचकीत पिशव्यांसाठीं दुसरी रीत आहे, ती ग्रॅव्ह्युअरची. तींत तांब्याच्या मुलाम्याच्या रुळावर सूक्ष्म खळगे कोरून त्यांत शाई भरतात.

या दोन्ही रीतींचें मर्म एकच. प्रत्येक रंगास वेगळा ठसा अथवा वेगळा रूळ लागतो, आणि मजकुरांत एक अक्षर बदलावयाचें झालें तरी त्या रंगाचा ठसा नवा करावा लागतो. दहा हजार खोकीं छापणाऱ्यास हा खर्च जाणवत नाहीं. पण ज्याच्या बागेंतून हंगामास तीनशें पेट्या निघतात त्यानें ठशाचा खर्च कोणत्या पेटीवर घालावा? यास्तव तो बाजारांत मिळेल तें तयार खोकें घेतो. त्यावर एखादें सुंदर चित्र असतें, एखाद्या प्रसिद्ध गांवाचें नांव असतें, नाहीं तर व्यापाऱ्याची मोहोर असते. ज्यानें वर्षभर झाड जतन केलें त्याचें नांव मात्र नसतें. लहान शेतकऱ्याच्या अनामिकपणास आळस हें एकच कारण नाहीं; ठशाचें गणितहि त्याच्या विरुद्ध होतें.

आतां हें गणित पालटूं लागलें आहे. संगणकाच्या आज्ञेनें शाईचे सूक्ष्म थेंब पुठ्ठ्यावर सोडणारीं यंत्रें प्रचारांत आलीं आहेत. यांस ठसा लागतच नाहीं. खोक्याच्या पुठ्ठ्यावर छापणाऱ्या अशा यंत्रांपैकीं कांहींचा वेग मिनिटास ७५ मीटर आहे. ठसा नसल्यामुळें तीनशें खोकीं छापणें शक्य होतें, आणि पहिल्या खोक्यावर एक मजकूर तर दुसऱ्यावर दुसरा, असेंहि करतां येतें. मोठ्या खेपेस ठशाची रीतच अद्याप स्वस्त पडते, कारण थेंबांच्या शाईचा खर्च अधिक असतो. म्हणून पुढील काळांत एक रीत दुसरीस हुसकून लावील असें आम्हांस दिसत नाहीं. चित्र, चौकट व संस्थेचें चिन्ह ठशानें. आणि शेतकऱ्याचें नांव, तोडणीची तारीख व पेटीचा क्रमांक थेंबांनीं, अशी वांटणी होईल असा आमचा अदमास आहे.

प्रत्येक पेटीस वेगळा क्रमांक, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची होय. आजवर छापील चिन्ह मालाची जात सांगे. यापुढें तें त्या एका नगाची ओळख सांगूं शकेल. उभ्या रेघांचा बारकोड २६ जून १९७४ रोजीं अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत ट्रॉय येथील एका दुकानांत प्रथम वाचला गेला. त्याचा आरंभ ८९० या आंकड्यांनीं झाला म्हणजे माल भारतांत पिकला, अशी समजूत आढळते, ती चुकीची आहे; तो क्रमांक भारतांतील संस्थेकडून घेतलेला आहे, इतकाच त्याचा अर्थ. चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड १९९४ मध्यें जपानांतील डेन्सो वेव्ह कंपनींत मोटारींच्या सुट्या भागांच्या हिशेबासाठीं निघाला. त्याच्या सर्वाधिक खबरदारीच्या प्रकारांत सुमारें ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर वाचतां येतो. ओल व धक्के खाणाऱ्या फळांच्या पेटीस हा गुण उपयोगाचा आहे. आपल्याकडे केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें बियाण्यांसाठीं ‘साथी’ ही व्यवस्था सुरू केली, तींतहि बियाण्याच्या पिशवीचा मूळ ठिकाणापर्यंत माग अशाच कोडानें घ्यावयाचा आहे.

परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. जें यंत्र खऱ्याचें नांव तीनशें खोक्यांवर स्वस्तांत छापतें, तेंच खोट्याचेंहि छापतें. कोंकणाबाहेरचा आंबा हापूसच्या नामांकित गांवांच्या पेट्यांतून विकला जातो, हें सर्वश्रुत आहे. ऑक्टोबर २०१८ मध्यें रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसास भौगोलिक मानांकन मिळालें. पण मानांकनाची मोहोर कागदावर उमटविणें कोणासहि अवघड नाहीं. क्रमांकाची नक्कलहि होते. मग छापील अक्षरावर विश्वास कशाच्या बळावर ठेवावयाचा?

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें, म्हणून तेथील दाखला देतों. सातबाराचा कोरा नमुना गांवोगांव सारखाच असे. त्यास किंमत येई ती छापखान्यामुळें नव्हे. मागें फेरफाराची नोंद, पीकपाहणी आणि हरकत घेण्याची मुदत असे म्हणून. पेटीवरील क्रमांकाचेंहि तसेंच आहे. अमुक शेतकऱ्याचीं इतकीं झाडें, त्यांचें उत्पन्न साधारण इतकें, म्हणून त्यास इतकेच क्रमांक दिले, आणि त्यांतील इतके खर्ची पडले, अशी वही संस्थेच्या कपाटांत असेल तर क्रमांक खरा. ती नसेल तर तो केवळ शाईचा डाग होय. झाडें शंभर आणि चिकटपत्रें लाखभर, असा ताळेबंद जेथें कोणी तपासीत नाहीं, तेथें उत्तमांतलें उत्तम यंत्र लबाडाच्याच कामीं येईल. म्हणून क्रमांक देण्याचा अधिकार व त्याची वही हीं दोन्ही छापखान्याकडे किंवा व्यापाऱ्याकडे न जातां उत्पादकांच्या संस्थेकडे राहिलीं पाहिजेत. आमच्या मतें साऱ्या विषयाचें सार हेंच आहे.

आणखी दोन गोष्टी छापील वेष्टनाच्या भवितव्याशीं निगडित आहेत. एक शाईची. खाद्यपदार्थांच्या वेष्टनाविषयीं केंद्राचे २०१८ चे नियम आहेत. त्यांप्रमाणें वेष्टनावरील शाई आय.एस. १५४९५ या मानकास धरून असावी लागते, आणि वर्तमानपत्राच्या कागदांत खाद्यपदार्थ गुंडाळण्यास मनाई आहे. दुसरी गोष्ट परदेशची. नाशिककडील द्राक्षें युरोपांत प्लास्टिकच्या लहान पनेटांतून विकलीं जातात. युरोपीय संघानें २०२५ मध्यें अंमलांत आणलेल्या वेष्टनविषयक कायद्यानें दीड किलोहून कमी ताज्या फळांसाठीं एकदांच वापरावयाच्या प्लास्टिक वेष्टनांवर १ जानेवारी २०३० पासून बंदी ठरविली आहे. फळ सुकूं वा नासूं नये म्हणून कांहीं सवलती देण्याचा अधिकार तेथील राष्ट्रांस आहे. तेव्हां कागद व पुठ्ठा यांचें, आणि अर्थात् त्यांवरील छपाईचें महत्त्व वाढणार, हें उघड आहे.

आतां करावें काय, तें थोडक्यांत सांगतों. प्रत्येक गांवच्या उत्पादकांनीं एक समाईक चौकट व चिन्ह ठरवून त्याचे ठसे संस्थेच्या खर्चानें करावेत, आणि नांव, गांव, तारीख व क्रमांक यांसाठीं जागा कोरी ठेवावी. ठसे कोणाच्या मालकीचे, हें छापखान्याकडून लेखी घ्यावें. नमुन्याचें खोकें रात्रभर थंड कोठींत ठेवून सकाळीं ओल्या बोटानें अक्षर घांसून पाहावें. शाई फिसकटली तर खेप घेऊं नये. शाईच्या मानकाचा दाखला मागण्यास संकोचूं नये. हंगाम संपतांच उरलेले क्रमांक वहींत रद्द करून टाकावेत.

हीं कामें फार मोठीं नाहींत, पण तीं दुसरा कोणी करून देणार नाहीं. यंत्र आलें आहे. त्याच्याकडून कोणाचें नांव छापून घ्यावयाचें, हें आपण वेळींच ठरविलें पाहिजे. येत्या हंगामाच्या खोक्यांची मागणी नोंदविण्यापूर्वीं आमच्या वाचकांनीं आपापल्या संस्थेच्या सभेपुढें हा विषय ठेवावा, इतकी सूचना करून आम्ही लेखणी खालीं ठेवतों.