शॉकअब्सॉर्बर बदलला, जुळवला का?

लांबच्या सफरीसाठी हजारो रुपये मोजून मोटारसायकलला नवा मागचा शॉकअब्सॉर्बर बसवला जातो. जुळवणी मात्र राहून जाते. सामानाने मागचा भाग दबला की पुढचे चाक हलके पडते, हेडलाइटचा झोत वर जातो आणि घाटातील वळण जिवावर बेतू शकते.

प्रथम मागचे चाक अधांतरी ठेवून ॲक्सलपासून सीटखालच्या खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. मग सामानासह स्वार बसल्यावर पुन्हा मोजावे. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण ३० टक्के असावा. रॉयल एनफिल्डच्या ४११ सीसी ‘हिमालयन’मध्ये ही हालचाल १८० मिलिमीटर, म्हणजे फरक सुमारे ५४ मिलिमीटर. जास्त भरल्यास प्रीलोड वाढवावा, कमी भरल्यास घटवावा. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, गाडीची उंची तेवढी बदलते. तो पूर्ण वाढवूनही फरक जास्तच राहिला, तर अधिक ताकदीची स्प्रिंग हवी.

त्यानंतर रिबाउंड. खड्ड्यानंतर गाडी डुलत राहिली, तर एक-दोन ‘क्लिक’ वाढवावेत. लागोपाठच्या खड्ड्यांत ती खाली बसत गेली, तर कमी करावेत. एका वेळी एकच बदल करावा आणि मूळ क्लिकची नोंद ठेवावी. सामान उतरवल्यावर जुळवणी पूर्ववत करण्यास विसरू नये.