मांडवीत अडकलेले शिपाई
स्पॅनिश सेनानी कोर्तेसने मेक्सिकोतल्या अझ्टेकांची राजधानी १५२१ मध्ये जिंकली. त्याआधी ११ वर्षे गोव्यात असाच डाव रंगला होता, फक्त तलवारी पोर्तुगीजांच्या होत्या. अफोंसो द अल्बुकर्कने फेब्रुवारी १५१० मध्ये गोवा फारसा न लढता घेतला आणि मे महिन्यात आदिलशाही फौजेपुढे गमावला. पळायलाही वाट नव्हती, कारण पावसाळ्यात समुद्र बंद! ऑगस्टपर्यंत पोर्तुगीज ताफा मांडवी नदीतच अडकला. काठावरून तोफा डागल्या जात होत्या, जहाजांवर धान्य संपले होते. मसाल्यांच्या पैशावर डोळा ठेवून आलेल्यांनी उंदीर मारून खाल्ले. याच उपासमारीत रुई दियश या सरदारपुत्राला अल्बुकर्कने फासावर चढवले. गुन्हा काय, तर कैदेतल्या मुसलमान स्त्रियांकडे चोरून जाणे.

२५ नोव्हेंबरला गोवा पुन्हा अल्बुकर्कच्या हाती पडला आणि मुसलमान रहिवाशांची कत्तल झाली. परक्यांच्या पराक्रमाच्या कथा एक गोष्ट हमखास झाकतात: मेक्सिकोत कोर्तेसच्या पाठीशी त्लाश्कालाचे लोक होते, इथे कारवार किनाऱ्यावरचा स्थानिक सरदार तिमोजा. पुढे स्थानिक स्त्रियांशी लग्न करून स्थायिक होणाऱ्या शिपायांना अल्बुकर्कने घरे व जमिनी दिल्या. त्यांना ‘काझादो’ म्हणत.